सुनंदा खरातचा सुळा

सुनंदा खरातनं दात दुखतोय हे दोन महिने घरात सांगितलं नाही. भीती दाताची नव्हती. दाताचं सांगितलं असतं तर मशेरीचं सांगावं लागलं असतं, आणि मशेरीचं या दिल्लीत नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही एवढंच माहीत होतं, की ती केव्हाच सुटली.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून बारीक करायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांवर घासायची, ही तिच्या म्हसवडकडच्या बायकांची दिवसाची सुरुवात. सुनंदा लग्न होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा वीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात तिनं गॅसवर तवा ठेवला. तळमजल्यावरचे मल्याळी, समोरचे बंगाली, वरचे गढवाली, अख्खा ब्लॉक जिन्यात गोळा झाला. वायर जळतेय म्हणून कुणीतरी मेन स्विचसुद्धा पाडला. शांतारामची ड्रायव्हरची नोकरी नवी, क्वार्टर त्याहून नवं. त्यानं हात जोडून सगळ्यांना "कुछ नहीं जी, मसाला जल गया" असं सांगितलं आणि आत येऊन बायकोला बजावलं, "हे इथं चालायचं नाही." तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून भाजणं बंद झालं. लावणं काही बंद झालं नाही. धाकटी बहीण प्रभा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तयार डबी पाठवायची, आमटीच्या मसाल्याच्या, येसरच्या पिशवीत खोल खुपसून. असं चौतीस वर्षं चाललं.

आता ही सुनंदा कोण, ते सांगायलाच हवं, कारण तिच्यासारखीची ओळख लोक 'खरात ड्रायव्हरची बायको' एवढ्यात उरकतात. नववी शिकून आलेली ही बाई केंद्र सरकारच्या एका ऑफिसात रोजंदारीवर पाणी भरायला लागली. दर तीन महिन्यांनी घरी बसवायचे, आठवड्यानं पुन्हा घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. तिच्यासारख्या अकरा जणी होत्या. बाकीच्या रडायच्या, ही अर्ज लिहायची. पहिला अर्ज मराठीत लिहिला तर बाबू हसले. दुसरा हिंदीत लिहिला. तिसरा इंग्रजीत, ऑफिसातल्याच जुन्या अर्जांवरून शब्द उचलून. सात वर्षं ती टेबलाटेबलाशी भांडली आणि अकराच्या अकरा कायम झाल्या. मग एकेचाळीसाव्या वर्षी पोराशेजारी बसून दहावी पास झाली, त्याच्यापेक्षा इतिहासात नऊ मार्क जास्त घेऊन. सिद्धांतला हे कुणी आठवण करून दिलेलं अजूनही आवडत नाही.

हल्ली ती कर्मचाऱ्यांची मेडिकलची बिलं जिथं येतात त्या सेक्शनमध्ये होती. पण आर. के. पुरमच्या मराठी घरांत तिला ओळखायचे ते चौदा एप्रिलच्या लेझीमवरून. एकोणीस वर्षांपूर्वी सात बायका घेऊन तिनं पथक काढलं होतं. "बायका रस्त्यावर नाचणार का?" असं विचारणाऱ्याला तिनं भर सभेत विचारलं होतं, "मग काय गच्चीवर नाचू? जयंती रस्त्यावर असते." आता सव्वीस जणी होत्या. सगळ्यांच्या पुढं सुनंदा, निळं लुगडं, हातात लेझीम आणि दातात शिट्टी.

पथकाची रीतच तशी होती. जी पुढं ती खेळतही असते आणि शिट्टीही तीच देते. दोन्ही हात लेझमीत गुंतलेले, म्हणून शिट्टी दातात धरायची. एक लांब दिली की पाय बदल, दोन तोकड्या दिल्या की बैठक. सुनंदाची शिट्टी वरच्या डाव्या सुळ्यात असायची. उजवीकडचा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात कधीच गेले होते, एका फुकटच्या दंत-शिबिरात. तिथं रांगेत मागून ढकलाढकली चालली होती. ती "जरा थांबा, जरा थांबा" म्हणत राहिली आणि दहा मिनिटांत दोन दात ट्रेमध्ये पडले. का काढले हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, आणि न विचारल्याचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही.

चौदा एप्रिलला पंधरा दिवस राहिलेले असताना रविवारी संध्याकाळी सेक्टरच्या पार्कात तालीम होती. हलगीवर भालचंद्र. हा कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात स्वयंपाकघरात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी हलगी शेकायला पार्कात पाला पेटवून माळ्याच्या शिव्या खायचा. दुसऱ्या नंबरावर कल्पना, फरीदाबादच्या एका कारखान्यात पार्ट तपासणारी, अडतीस वर्षांची, पायानं चपळ आणि तोंडानं त्याहून. ती मेट्रोत उभं राहून दीड तास यायची आणि आल्या आल्या सांगायची, "चलो ताई, यार, लवकर करू, मला परत जायचंय."

तिसऱ्या आवर्तनाला सुनंदानं बैठकीची शिट्टी द्यायला दात आवळले. सुळ्यात काहीतरी कट्‌ झालं. डोळ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली आणि ती मटकन खाली बसली. शिट्टी न वाजताच बैठक झाली असं समजून मागच्या पंचवीस जणीही खाली बसल्या.

"ताई, काय झालं?" कल्पना धावली.

"चिलट गेलं तोंडात."

"चिलटानं कुणी असं बसतं का? तोंड दाखवा बघू."

"तू कारखान्यात पार्ट तपास. माझं तोंड तपासू नकोस."

सकाळी आरशात पाहिलं तर डावा गाल डोळ्यापर्यंत चढला होता. शांताराम चहाचा कप घेऊन दारातच थबकला. "अगं, हे काय? कुणाशी मारामारी करून आलीस?"

"दात आहे."

"मग उपटून टाक. माझे चार काढले, काही बिघडलं का?"

"तुमचं तोंड बघा एकदा. हसलात की घराचा दरवाजा उघडा राहिल्यासारखं वाटतं."

तोवर सिद्धांतचा गुरुग्रामहून व्हिडिओ कॉल. बापानं फोन तिच्या गालासमोर धरला. "आई! ओ गॉड. ऐक, माझ्या ऑफिससमोर एक मस्त क्लिनिक आहे. पंधरा मिनिटांत काढतील, स्क्रू घालून नवा बसवतील. विषय संपला. लॉजिक समज, सडलेली गोष्ट कशाला ठेवायची?"

"लॉजिक तुझ्या कंपनीत ठेव. दात माझा आहे."

"मी बुक करतोय."

"करून बघ."

तिनं फोन ठेवला. ओढणीनं गाल झाकला आणि ऑफिसच्या यादीतल्या, मुनिरकाच्या एका दवाखान्यात एकटीच गेली.

काउंटरवरच्या बाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तिची चप्पल पाहिली, सुजलेला गाल पाहिला. "आंटी, निकलवाना है ना?" असं विचारून उत्तर यायच्या आत तिनं संमतीच्या फॉर्मवर दात काढण्याच्या चौकटीत टिकमार्क केला आणि कागद पुढं सरकवला. "यहाँ साइन।"

दुखणाऱ्या माणसाला राग परवडत नाही म्हणतात. सुनंदाला तो नेहमीच परवडायचा.

"मैंने मुँह खोला भी नहीं, और आपने मेरा दाँत निकाल भी दिया?"

"आंटी, ऐसी सूजन में निकालते ही हैं।"

"किसका निकालते हैं? सबका? कि शक्ल देखके?"

ओळीत बसलेले चार-पाच जण मोबाइलमधून वर बघायला लागले. आतून डॉक्टर बाहेर आली. जसलीन नावाची, तिशी ओलांडलेली सरदारीण, हातात ग्लोव्हज. तिनं कागद उचलला, टिकमार्क पाहिला आणि तो फाडला. "आंटी, अंदर आइए। पेन इनका है, दाँत आपका।"

आत खुर्चीवर दिवा तोंडावर आला. डॉक्टरनं आरसा फिरवला, सुळ्यावर हलकेच टकटक केली. सुनंदानं खुर्चीचे हात धरले.

"गुटखा कब से खा रही हैं?"

"गुटखा खाए मेरा दुश्मन! पंद्रह साल से परमनंट हूँ, आज तक पान की पीक नहीं थूकी कहीं।"

"अच्छा," डॉक्टर एवढंच म्हणाली आणि एक्स-रे काढला.

पडद्यावर तिचा सुळा उभा होता. एवढा लांब दात आपल्या तोंडात आहे हे सुनंदाला माहीतच नव्हतं. मुळाच्या टोकाशी हरभऱ्याएवढी काळी सावली होती. तो पू. चावायच्या टोकाला एक चीर, शिट्टी आवळून आवळून पडलेली. तिथून आत घाण शिरली, नस मेली, आणि मग सगळं हाडात उतरलं. डॉक्टरनं हिरडीला बारीकशी चीर देऊन पू मोकळा केला. घाण वास आला आणि पाठोपाठ इतकं हलकं वाटलं, की सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं दिव्यामुळं आलं असं सांगितलं.

"अब दो रास्ते हैं," डॉक्टर म्हणाली. एक, औषधानं सूज उतरली की काढून टाकायचा. आठ दिवसांत जखम भरेल, बाई मोकळी. दुसरा, वाचवायचा. आतून साफ करायचा, औषध भरून बंद करायचा, चार-पाच खेपा, शेवटी वर टोपी. दोन-अडीच महिने त्या दातानं शेंगदाणासुद्धा चावायचा नाही. आणि एवढं करून तो टिकेल याची खात्री दहात सहा. "फेल हुआ तो फिर निकालना ही पड़ेगा।"

"और सीटी?"

"कौन सी सीटी?"

सुनंदानं शिट्टीचं सांगितलं. डॉक्टर थोडी हसली, मग गंभीर झाली. "निकाल दें तो चौदह तक घाव भर जाएगा, सामने के दाँतों में पकड़के किसी तरह चला लेंगी। बचाएँ तो इस साल सीटी नहीं, सामने पकड़के भींचेंगी तो भी ज़ोर इस पर आएगा। बिल्कुल नहीं।"

सुनंदा उठून बसली. गालावर धरायला दिलेला बर्फ बाजूला ठेवला.

"डॉक्टर, एक बात पूछूँ? मैं मेडिकल बिल के सेक्शन में हूँ। पंद्रह साल से फाइलें ढो रही हूँ और ढोते-ढोते पढ़ती भी हूँ। साहब लोगों के काग़ज़ पे हमेशा रूट कॅनाल। हम लोगों के काग़ज़ पे हमेशा एक्स्ट्रॅक्शन। क्या हमारे दाँत की जड़ छोटी होती है? मेरी जगह हमारे जॉइंट सेक्रेटरी साहब बैठे होते, तो आप क्या लिखतीं?"

डॉक्टरनं ग्लोव्हज काढले. "बचाने की कोशिश लिखती।"

"फिर?"

"लेकिन जॉइंट सेक्रेटरी साहब मुझसे झूठ नहीं बोलते कि मुँह में क्या घिसते हैं। दाँतों के पीछे जो काला है ना आंटी, वो चाय का नहीं है।"

 सात वर्षं टेबलाटेबलाशी भांडलेल्या बाईनं बर्फ उचलून पुन्हा गालावर धरला.

"मशेरी," ती शेवटी म्हणाली.

"वो क्या है?"

"तंबाकू। भूनके, पीसके।"

"जलाके? और फिर उँगली से दाँतों पे?"

"सुबह एक बार।" थांबून, "शाम को भी।" आणखी थांबून, "जब से दुखता है, दोपहर में भी। लगाते ही दर्द सुन्न होता है।"

"वही तो। दर्द चौकीदार था, आपने उसे दिन में तीन बार सुला दिया। दो महीने पहले आतीं तो मैं दस में से नौ बोलती।" डॉक्टरनं औषधं लिहिली. "सोचके गुरुवार को आइए। लेकिन ये चालू रहा तो बचाने का मतलब नहीं। तब मैं आपके साहब का भी निकाल दूँगी।"

बसस्टॉपवर उभी राहून सुनंदा स्वतःवर जळफळली. बोलली होती ते काही खोटं नव्हतं. कागदावरचा फरक तिनं डोळ्यांनी वाचला होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला तोंडावर विचारलं होतं, तुला काय हवंय, आणि त्या माणसासमोर ती पकडली गेली होती.

घरी आल्यावर तिनं डबा-डबा हलवून येसरच्या मागची डबी काढली आणि शांतारामच्या पुढ्यात, पेपरवर ठेवली.

त्यानं झाकण उघडलं. वास घेतला. झाकण परत लावलं.

"चौतीस वर्षं?"

"हो."

"मी त्या दिवशी जिन्यात सगळ्यांसमोर मसाला-मसाला करत हात जोडले!"

"हो."

"आणि मला बिडी सोडायला लावलीस! पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीस! मी दोन महिने गाडीत बडीशेप चघळत बसायचो, साहेब विचारायचे, खरात, हॉटेल काढलंय का!"

सुनंदाला हसू आलं आणि हसताना गाल ओढला गेला. "आई गं," म्हणत तिनं गाल धरला. शांताराम उठला, बर्फ घेऊन आला, आणि हातात देताना पुटपुटला, "येसरच्या मागं! म्हणून मी म्हणतो, आमटीला तंबाखूचा वास कसा येतो."

त्यानंतरचे तीन दिवस वाईट गेले. सकाळी बोट आपोआप फळीकडं जायचं. डोकं ठणकायचं, ऑफिसात ती कुणावरही खेकसायची. एका अंडर सेक्रेटरीला तिनं "फाइल उडत नाही, आणावी लागते," असं सुनावलं. डबी फळीवरच होती, टाकली नव्हती. फेकून दिलेली वस्तू सोडली असं तिला वाटत नसे. समोर असून हात लावला नाही तर खरं.

आणि त्यातच ठरवायचं होतं. काढला तर यंदा ती पुढं असेल. एकोणीस वर्षांत एकही चौदा एप्रिल तिनं चुकवला नव्हता; सिद्धांतला कांजिण्या आल्या होत्या तेव्हासुद्धा मिरवणूक संपवून मग घरी आली होती आणि त्याबद्दल अजून ऐकून घेते. वाचवायचा तर शिट्टी कल्पनाच्या हाती द्यायची. आणि खरं सांगायचं तर तिला भीती दाताची नव्हतीच, ती हीच होती. एकदा दिलेली शिट्टी परत मिळते का? कल्पना तरुण आहे, बायकांना आवडते, रील बनवते. पुढच्या वर्षी कुणी म्हटलं, ताई आता राहू द्या, तर? शिवाय दहातले चार उलटे पडले तर दातही गेला आणि यंदाची मिरवणूकही गेली.

बुधवारी सिद्धांत स्वतः आला. बुकिंग केलं होतं, शनिवारचं. "आई, तुझ्यासाठीच सांगतोय. काढलास तर चौदाला तू पुढं. सिंपल. चाळीस टक्के रिस्क कुणी घेतं का?"

"अकरा जणींची केस होती ना आमची," सुनंदा म्हणाली, "तेव्हा युनियनचा माणूस म्हणाला होता, दहातला एक चान्स आहे, सोडून दे. मला इथं सहा मिळतायत."

"ती केस होती, आई. हा दात आहे."

"आणि ते शिबिर होतं. दोन दात गेले, कारण मागं रांग होती आणि त्यांना घाई होती. तुझ्या आजीचे पंचेचाळिशीत सगळे गेले, कारण बाजारात बसणाऱ्या दातवाल्याला काढायचंच तेवढं येत होतं. आमचं सगळं त्या-त्या दिवशी सोयीचं म्हणून जातं रे. आता मीच चौदा तारखेच्या सोयीसाठी हा काढू?"

 सिद्धांत फोन काढून शनिवारचं बुकिंग रद्द करताना म्हणाला, "इतिहासात नऊ मार्क जास्त पडल्याचं तू आयुष्यभर वसूल करणार."

गुरुवारी काउंटरवरच्या बाईनं कोरा फॉर्म आणि पेन दोन्ही तिच्यापुढं ठेवलं आणि दुसरीकडं पाहिलं. सुनंदानं चष्मा लावून फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मागं तिघं ताटकळले. लवकर करा, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. मग दात वाचवण्याच्या चौकटीत खूण केली आणि खाली पूर्ण सही केली, सुनंदा शांताराम खरात, एकही अक्षर न गाळता.

आत डॉक्टरनं विचारलं, "वो मशेरी?"

"तीन दिन।"

"कैसा लग रहा है?"

"किसी का गला दबाने का मन करता है।"

"मुँह खोलिए," डॉक्टर म्हणाली, "मेरा छोड़के।"

पुढच्या रविवारी पार्कात सुनंदानं गळ्यातली शिट्टी काढली, नळाखाली धुतली आणि सगळ्यांसमोर कल्पनाच्या हातावर ठेवली. "यंदा तू."

कल्पनानं मागं पाऊल घेतलं. "ताई, मजाक नको. मला मागं राहून बडबड करायची सवय आहे."

"मग आता पुढं राहून कर."

"आणि तुम्ही?"

"तिसऱ्या रांगेत. डावीकडून दुसरी. तिथं गुडघेदुखीवाली पाटलीण आहे, तिच्या शेजारची जागा रिकामीच पडते."

चौदा तारखेला सकाळपासून ऊन होतं. सेक्टरच्या रस्त्यावर निळे झेंडे, पाण्याचे स्टॉल, "जय भीम, जय भीम" म्हणत गळाभेटी. सुनंदाच्या सुळ्यात पांढरं सिमेंट भरलेलं, गाल उतरलेला, पण ओठ आवळलेले. तिसऱ्या रांगेत उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की पुढून पथक किती लहान वाटतं आणि आतून किती मोठं. डाव्या-उजव्या लेझमांचा आवाज थेट छातीत शिरत होता. एकोणीस वर्षं हे तिच्या पाठीमागं होत होतं आणि तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

पहिल्या चौकात कल्पनानं शिट्टी अर्ध्या ठेक्यानं लवकर दिली. पंधरा जणी बसल्या, दहा उभ्या राहिल्या. बघ्यांत कुणीतरी हसलं. हलगीवर भालचंद्रचा हात अडखळला आणि सवयीनं त्याची नजर मागं वळली, सुनंदाला शोधत. पंचवीस जणींची नजरही तिकडंच वळली.  एक हाक दिली असती तर सगळं सावरलं असतं, आणि मिरवणूक पुन्हा तिची झाली असती.

तिनं भालचंद्रकडं पाहून मान जोरात हलवली आणि लेझीम उचलून पुढं दाखवली. तिकडं बघ.

भालचंद्रनं मान वळवली, हलगी पहिल्यापासून उचलली. कल्पनानं पदर खोचला, शिट्टी दातात घट्ट धरली, चार ठेके जाऊ देऊन मग वाजवली. पंचवीस लेझमा एकदम खाली आल्या. त्यानंतर शेवटच्या चौकापर्यंत एकही चूक झाली नाही. सुनंदा तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी, बैठकीला इतकी खाली जायची, की शेजारची पाटलीण म्हणाली, "ताई, आवरा, तुमच्याकडं बघून माझे गुडघे दुखतायत."

फूटपाथवर शांताराम ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला सांगत होता, "वो तीसरी लाइन में, वो जो सबसे नीचे बैठती है, वो हमारी है." सिद्धांत व्हिडिओ काढत होता, आणि व्हिडिओत पुढची रांग जवळजवळ दिसतच नव्हती.

जूनच्या शेवटी शेवटची खेप होती. नव्या एक्स-रेत मुळाशी काळी सावली मुगाएवढी उरली होती. डॉक्टर जसलीननं दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची वळवून सुनंदाला दाखवले, जणू स्वतःचाच निकाल असावा. "पकड़ लिया आंटी। दस में सहा बोला था ना, आप उन सहा में आ गईं।" हे 'सहा' तिनं सुनंदाकडूनच उचललं होतं.

मग टोपीचा रंग ठरवायचा होता. डॉक्टरनं दातांच्या छोट्या छोट्या नमुन्यांची एक पट्टी आणली, एका टोकाला दुधासारखा पांढरा, दुसऱ्या टोकाला पिवळट तपकिरी. ती एकेक नमुना सुनंदाच्या ओठाशी धरून पाहू लागली. मशेरीनं चौतीस वर्षं घासलेल्या दातांशी जुळणारा सगळ्यात शेवटचा निघाला.

"थोड़ा हल्का लेते हैं ना," डॉक्टर म्हणाली. "बीच का। अच्छा दिखेगा, सामने का दाँत है।"

"और बाकी?"

"बाकी तो ऐसे ही रहेंगे।"

सुनंदानं आरसा हातात घेतला. आपले दात एकेक करून पाहिले, पुढचे, खालचे, उजवीकडची मोकळी जागा. घाईघाईनं नव्हे, घरची माणसं मोजावीत तसे.

"नहीं," ती म्हणाली. "एकट्यालाच कशाला गोरा करायचा? ये सब मेरे साथ रहे हैं, उसको इनके जैसा ही बनाइए। आखिरी वाला।"

डॉक्टरला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तिनं कागदावर शेवटच्या नमुन्याचा नंबर लिहिला आणि सुनंदासमोर धरला. सुनंदानं तो वाचला, बरोबर आहे म्हणून मान हलवली, आणि तोंड उघडून खुर्चीत मागं टेकली.